पळतो तो मिलीबग नव्हे

प्रश्न : ताई, दोन एकर थॉमसन द्राक्षबाग आहे. मिलीबगसाठी (पिठ्या ढेकणासाठी) दोन फवारण्या केल्या. आता खोडावर सालीखाली त्याहून मोठे, पांढऱ्या झिपऱ्यांचे किडे दिसताहेत. औषध बदलू का?
– एक बागायतदार, दिंडोरी

उत्तर : दादा, पंप खाली ठेवा आणि भिंग घेऊन खोडापाशी बसा. त्या झिपऱ्या किड्याला गवताच्या काडीने डिवचा. जागचा हलेना, हलला तरी रेंगाळत, आणि चिरडल्यावर गुलाबी पाणी निघालं, तर तो मिलीबग. तुरुतुरु पळाला तर ती क्रिप्टोलिमस या ढालकिड्याची अळी. मिलीबग खाऊनच ती वाढते. अंगावर त्याच्यासारखंच पांढरं मेण असतं, म्हणून ओळखू येत नाही.

चार वर्षांपूर्वी निफाडला माझ्या बागेत मीही फसले. दोन ओळींतले हे किडे ब्रशने घासून काढले. पुढे मजूर मिळाले नाहीत म्हणून बाकीच्या ओळी राहिल्या. काढणीला त्या दोन ओळींच्याच घडांत मिलीबगचा गोड चिकटा निघाला. त्याची हळहळ अजून जात नाही.

हा किडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. कॉफीवरच्या खवलेकिडीसाठी १८९८ साली आपल्याकडे आणला. मोठा झाला की जेमतेम ४ मिलिमीटरचा भुंगेरा, पाठ काळपट, डोकं नारिंगी. मादी अंडी घालते ती मिलीबगच्या कापसासारख्या अंडीपुंजात. अळी बाहेर पडते ती थेट वाढलेल्या ताटावर! आपली डिसेंबरची थंडी मात्र त्याला मानवत नाही, तेव्हा काम मंदावतं.

आता सरसकट फवारलंत तर उघड्यावर फिरणारा ढालकिडा आधी मरेल, सालीखालचा मिलीबग वाचेल. मिलीबग शिरलेले घड तेवढे काढून बागेबाहेर पुरा.

आणि मुंगळे बघाच. गोड चिकटा चाटायला येतात आणि ढालकिड्याला हुसकावून लावतात. खोडावरून ओलांड्याकडे (वेलीच्या आडव्या फांदीकडे) रांग चढत असेल तर वारूळ शोधा. खोडाला टेकलेलं गवत आणि जमिनीला लागलेले शेंडेही कापा, मुंगळे त्यावरूनच वर जातात.

अळ्या दिसलेल्या वेलींना रिबीन बांधा. आठ दिवसांनी तीच साल पुन्हा उचलून बघा आणि काय दिसलं ते मला कळवा.