भाऊ गेल्यानंतर मुलगी फक्त भुताखेतांच्या रहस्यकादंबऱ्या वाचते, थांबवावे का?

पंधरा वर्षांच्या मुलीबद्दलची आपली काळजी समजते, परंतु माझ्या मते पुस्तके काढून घेऊ नयेत. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही की मृताची इच्छा अपुरी राहिली असे आपण मानतो आणि कुणीतरी पुढे होऊन मोठ्याने शब्द देतो. या कादंबऱ्यांतील भूत बहुधा हेच काम करते, म्हणजे राहून गेलेले बोलणे पुरे करण्याची सवड देते. शिवाय ‘हे कसे घडले’ याचे उत्तर रहस्यकथेत शेवटी मिळते, जे घरात कुणालाच देता येत नाही.

येथे सोलापुरात माझा भाचा वडील गेल्यावर अशीच पुस्तके गच्चीवर, वडिलांची चादर पांघरून वाचत असे. मी त्यातले एक वाचून ‘तो दार का उघडत नाही?’ एवढेच विचारले, तेव्हा तो प्रथमच वडिलांविषयी बोलला. (पुस्तक मात्र सुमार होते.)

तरीही झोप आणि जेवण तुटले किंवा ती स्वतःच मरणाची भाषा करू लागली, तर विलंब न करता मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांकही आहे.