आयसीयूत नव्याने रुजू होतेस, तर एवढं लक्षात ठेव

अगं, २०२१च्या एप्रिल-मेमध्ये इंदूरला कोविड आयसीयूत नर्स म्हणून ड्यूटीवर होते, म्हणून कळकळीने सांगते. एकटीने सगळं पेलायला जाऊ नकोस. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला पालथं करताना श्वासाची ट्यूब सांभाळायला डोक्याशी एक जण हवाच, दोन्ही बाजूंना दोघी-दोघी. हात कमी पडले तर खुशाल हाक मार. पीपीईच्या संरक्षक पोशाखात चेहरे ओळखू येत नाहीत. छातीवर स्केचपेनने ठळक नाव लिही. नावाने हाक मारली की कामाला वेग येतो, धीरही येतो. तोंडी सांगितलेला डोस परत म्हणून दाखव, मगच दे. ड्यूटी बदलताना पेशंटचा हँडओव्हर बेडपाशीच घे, औषधाच्या पंपाचा रेट स्वतः बघून. कुणी सगळ्यांसमोर ओरडलं, तर गिळून बसू नकोस. ड्यूटी संपल्यावर इन्चार्ज सिस्टरना सांग. पेशंट गेला त्या दिवशी मैत्रिणीशी बोलल्याशिवाय घरी जाऊ नकोस.