विदर्भाच्या लोखंडाची गोष्ट कुठून सुरू करावी?

प्रश्न : आम्ही काही मित्र पदरमोड करून विदर्भाच्या लोखंड-पोलादाच्या वारशावर माहितीपट तयार करीत आहोत. टाटांचा पोलादाचा कारखाना मुळात चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यात व्हायचा होता, ही हकीकत केंद्रस्थानी ठेवावी काय? – एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : हकीकत खरी आहे; तरीही तिला केंद्रस्थान देऊ नये, असे आमचे मत आहे. चांद्याच्या लोहखनिजाविषयी रिटर फॉन श्वार्त्झ या जर्मन तज्ज्ञाने लिहिलेला 1882 मधील अहवाल जमशेदजींच्या वाचनात आला आणि पोलादाने त्यांच्या मनात घर केले. परंतु वरोऱ्याचा कोळसा या कामास उपयोगी नसल्याने बेत बारगळला. पुढे त्यांचे पुत्र दोराबजी यांनी नागपूरच्या संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, भूगर्भशास्त्रीय नकाशा पाहिला आणि त्यावरून दुर्गकडील डोंगर धुंडाळले गेले. अखेर कारखाना उभा राहिला तो साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, आणि 1912 मध्ये तेथे पोलाद निघाले. ही सारी हुकलेल्या योगाची कथा असून ती दाखवण्यास जुने कागद आणि नकाशे यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. ती थोडक्यात आटोपावी.

विदर्भात जे प्रत्यक्ष घडले, ते याहून फार जुने आहे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे 1978 ते 1980 या काळात झालेल्या उत्खननात महापाषाणयुगीन, म्हणजे मोठ्या शिळांची दफनस्थळे उभारणाऱ्या लोकांच्या, वस्तीत लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील आहे. माहितीपटाचा गाभा तिथे आहे. अशा भट्टीत लोखंड वितळून वाहत नसे, कारण त्यासाठी लागणारी 1538 अंश सेल्सिअसची उष्णता लोणारी कोळसा आणि हातभाता यांच्या आवाक्याबाहेरची होती. वितळे तो मळ, म्हणजे खनिजातील अशुद्ध भाग. लोखंडाचा सच्छिद्र गोळा तळाशी उरे आणि तो तापवून, घणाखाली बडवून उरलेला मळ बाहेर काढावा लागे. पुनर्निर्मितीच्या दृश्यात लाल रसाची धार दाखवण्याचा मोह होईल, तो टाळावा. त्याऐवजी लोहमळाचा एखादा तुकडा अगदी जवळून टिपावा. त्याच्या पाठीवर गोठलेल्या प्रवाहाच्या वळ्या स्पष्ट दिसतात. मात्र असे तुकडे स्थळावरून उचलू नयेत, मोजपट्टी ठेवून जागच्या जागी त्यांचे चित्रण करावे, आणि त्यापूर्वी पुरातत्त्व खात्याकडे परवानगीची विचारणा अवश्य करावी.