पेशंट ‘जगायचं नाही’ म्हणाला, तर मानसोपचार विभागाकडे कसं पाठवायचं?

वॉर्डातला पेशंट ‘आता जगण्यात राम नाही’ म्हणाला तर मानसोपचार विभागाला रेफरन्स, म्हणजे पेशंटला तपासण्याची लेखी विनंती, कधी आणि कसा पाठवायचा, असं तुम्ही विचारलंय. त्याच दिवशी, आणि फोन करून. नुसत्या कागदावर विसंबू नका.

त्याआधी नातेवाइकांना बाहेर थांबवून पेशंटला थेट विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यामुळे तो विचार डोक्यात शिरत नाही. पुष्कळांना उलट मोकळं व्हायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर आत्ता तसं वाटतंय का, काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, पूर्वी प्रयत्न झाला होता का, हेही विचारा. आत्ता वाटत असेल किंवा बेत ठरला असेल तर तज्ज्ञ येईपर्यंत एकटं सोडायचं नाही, बाथरूमलाही नाही. खाट नर्सिंग स्टेशनजवळ घ्या. घरून आणलेली औषधं आणि इजा होईल अशा वस्तू ताब्यात घ्या. ही देखरेख कर्मचाऱ्यानेच करायची. रात्रभर जागलेल्या नातेवाइकावर ती सोपवणं मला धोक्याचं वाटतं.

‘डिप्रेशन? कृपया पाहावे’ एवढंच लिहिलेला रेफरन्स ढिगाच्या तळाशी जातो. पेशंट काय बोलला ते त्याच्याच शब्दांत, कधी बोलला, वरच्या प्रश्नांची उत्तरं, दारू किंवा इतर व्यसन, चालू औषधं, आणि आत्ता जवळ कोण बसलंय, हे सगळं लिहा.

‘मेडिकली फिट झाला की कळवा’ असं उत्तर कधीकधी मानसोपचार विभागाकडून येतं. पेशंट शुद्धीवर असेल, नीट बोलत असेल, तर थांबायचं कारण नाही. बरळत असेल तर साखर, ऑक्सिजन, सोडियम, अचानक सुटलेली दारू हे आधी तपासा. देखरेख मात्र पहिल्या मिनिटापासून चालू ठेवा.

रेफरन्स पेशंटपासून लपवू नका. अनोळखी डॉक्टर अचानक समोर उभे राहिले, की ‘मला वेडा ठरवताय का?’ म्हणून तो तोंड मिटून घेतो. शक्यतो स्वतः सोबत थांबून ओळख करून द्या.

सगळ्यात जास्त पेशंट निसटतात ते डिस्चार्जनंतर, आणि सुरुवातीचे आठवडेच सर्वांत जोखमीचे असतात. ‘ओपीडीत दाखवा’ हे पुरेसं नाही. आठवड्याच्या आतली तारीख, वेळ आणि डॉक्टरांचं नाव कार्डावर हवं. औषधं थोड्याच दिवसांची द्या. ‘असं करणार नाही’ अशी लेखी हमी घेऊन काही साधत नाही. त्यापेक्षा त्रास वाढतोय हे कशावरून ओळखायचं, तेव्हा काय करायचं, कुणाला फोन करायचा, हे त्याच्यासोबत बसून लिहा.

फोनचा पाठपुरावा किरकोळ समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेने 5 देशांत, आत्महत्येच्या प्रयत्नानंतर इमर्जन्सीत आलेल्यांचा अभ्यास केला. तो 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटातल्या प्रत्येकाशी तासभर बोलून पुढच्या 18 महिन्यांत 9 वेळा फोन किंवा भेट झाली. त्या गटात आत्महत्येने मृत्यू 0.2 टक्के होते, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत 2.2 टक्के. म्हणून ठरल्या दिवशी पेशंट आला नाही तर त्याच दिवशी फोन कोण करणार, ते नाव डिस्चार्जपूर्वीच केस पेपरवर लिहा.