विंडोज न पुसता त्याच लॅपटॉपवर उबुंटू कसे बसवावे?

आपण विचारले आहे की, वडिलांच्या दुकानाचा हिशेब टॅलीत असल्यामुळे घरच्या लॅपटॉपवरील विंडोज 11 काढता येत नाही, आपल्याला मात्र अभ्यासासाठी उबुंटू (विंडोजसारखीच दुसरी, लिनक्सवर आधारलेली कार्यप्रणाली) हवे आहे, आणि 512 जीबीची एकच एसएसडी, म्हणजे डिस्क, आहे. तर काहीही न गमावता दोन्ही एकत्र नांदतील का? नक्की नांदतील. माझ्याकडे अनेक वर्षे अशीच व्यवस्था आहे, कारण श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्ट-प्रणालीत टाइप केलेल्या जुन्या मजकुराची कामे मला विंडोजवरच करावी लागतात. उबुंटू बसवायला अर्धा-पाऊण तास पुरतो. नुकसान होते ते बहुधा त्याआधी विंडोजमध्ये करायची तयारी टाळल्यामुळे, म्हणून त्या तयारीविषयीच मी अधिक लिहितो.

प्रथम टॅलीचे डेटा फोल्डर आणि घरचे फोटो बाहेरच्या डिस्कवर घ्या, ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा आणि काम संपेपर्यंत ती डिस्क लॅपटॉपला जोडू नका.

त्यानंतर सेटिंग्जमधील प्रायव्हसी अँड सिक्युरिटी या विभागात डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा सगळा मजकूर कुलूपबंद ठेवणारी सोय, चालू आहे का ते पाहा. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की ते अनेकदा आपोआप चालू होते, आणि बायोसमधील (लॅपटॉप सुरू होताना विंडोजच्याही आधी चालणाऱ्या व्यवस्थेतील) एखादी सेटिंग बदलताच विंडोज ते कुलूप उघडणारी 48 अंकी रिकव्हरी की मागू लागते. माझ्या बहिणीच्या लॅपटॉपवर हेच घडले. लॅपटॉप विकत घेतेवेळी ते खाते दुकानातल्या मुलाने उघडून दिले होते आणि त्या खात्याचा ई-मेल घरात कोणालाच ठाऊक नव्हता. तो शोधण्यात दोन दिवस गेले, आणि तोवर तिचे सगळे काम डोळ्यांसमोर असून कुलपात होते. म्हणून ही की खात्यात जाऊन पाहा, कागदावर लिहून ठेवा आणि मगच एन्क्रिप्शन बंद करा. डिस्क पूर्ण उलगडायला वेळ लागतो. तो लागू द्या.

तिसरी गोष्ट फास्ट स्टार्टअपची, म्हणजे विंडोज लवकर सुरू करणाऱ्या सोयीची. ते चालू असताना शट डाउन केले तरी विंडोज पूर्णपणे बंद होत नाही; आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवते आणि पुढच्या वेळी तिथूनच उठते. मधल्या काळात उबुंटूने विंडोजच्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या त्या भागावर, काही लिहिले तर फाइली बिघडू शकतात, म्हणूनच उबुंटू असे पार्टिशन बहुधा केवळ वाचण्यापुरते उघडते. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद करा.

आता जागा. सी ड्राइव्ह विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करा, कारण आपल्या कोणत्या फाइली हलवता येतात हे विंडोजला नेमके माहीत असते. आकडा एमबीत विचारला जातो. 80 जीबीसाठी 81920 लिहा. रिकामी जागा भरपूर असूनही थोडीच सुटत असेल, तर पेजिंग फाइल (मेमरी अपुरी पडल्यास विंडोज डिस्कवर वापरते ती जागा) आणि हायबरनेशन (चालू काम डिस्कवर साठवून बंद होणे) तात्पुरते बंद करून पुन्हा प्रयत्न करा. सुटलेल्या जागेत नवा ड्राइव्ह करू नका, ती तशीच मोकळी राहू द्या.

8 जीबीच्या पेनड्राइव्हवर रुफस या विंडोजवरच्या प्रोग्रामने उबुंटू 24.04 चढवा, आधी न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालवून वायफाय आणि आवाज तपासा. इन्स्टॉलरला एसएसडी दिसलीच नाही, तर बायोसमध्ये साठवणूक इंटेल आरएसटी या पद्धतीवर असण्याची शक्यता आहे. ती सेटिंग घाईने एएचसीआय या दुसऱ्या पद्धतीवर नेऊ नका, नाहीतर विंडोज सुरू होणार नाही. पुढची सुरुवात सेफ मोडमध्ये (मोजक्याच गोष्टी चालवणाऱ्या अवस्थेत) होईल असे विंडोजला आधी सांगा, मग बदल करा. सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी बायोसमधील सोय) मात्र बंद करण्याची गरज नाही. डिस्क पुसण्याचा पर्याय टाळा, मोकळ्या जागेत ईएक्सटी4 (लिनक्सची फाइल-रचना) पार्टिशन करून तेच उबुंटूचे मूळ (/) म्हणून निवडा, आणि आधीचे ईएफआय पार्टिशन (प्रणाली सुरू करणाऱ्या फाइली असलेला छोटा भाग) वापरा, पण फॉरमॅट करू नका.

पुढे दोन गोष्टी आपल्याला चकवतील. उबुंटूतून विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल, कारण उबुंटू मदरबोर्डवरच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. पहाटे साडेपाचपूर्वी तर तारीखही आदल्या दिवसाची दिसेल, आणि हिशेबाच्या संगणकावर हे चालणार नाही. उबुंटूलाच स्थानिक वेळ ठेवायला सांगा. दुसरे म्हणजे, विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर उबुंटू की विंडोज हे विचारणारी निवडीची यादी न येता थेट विंडोज सुरू झाले, तर उबुंटू पुसले गेले असे समजून ते पुन्हा बसवायला घेऊ नका. बहुतेक वेळा बायोसमधील बूटच्या क्रमात उबुंटू पुन्हा वर आणले की यादी परत दिसते.