यूएसबीचं सोल्डरिंग आयर्न लॅपटॉपला लावण्याआधी

अरे भावा, नवीन आहेस, हात शिवशिवतायत ते कळतं, पण एमजी रोडवरून आणलेलं ते ८ वॅटचं आयर्न, म्हणजे सोल्डर वितळवून तारा जोडायचं ते, लॅपटॉपला लावू नकोस. हिशोब साधा आहे, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. यूएसबी २ चा पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलीअँपिअर (०.५ अँपिअर) देतो म्हणजे अडीच वॅट, यूएसबी ३ वाला ९०० म्हणजे साडेचार, आणि तुझं आयर्न मागतंय १.६ अँपिअर. कुठून देणार तो?

मी हेच केलं होतं, सिडकोतल्या खोलीवर. टोक कसंबसं तापलं, सोल्डर वितळेना, नुसता राखाडी गोळा चिकटून बसला आणि थोड्या वेळात पोर्टच गेला, नंतर त्यावर माऊससुद्धा चालेना. फार वाईट वाटलं.

सध्या एवढं सांभाळ:

- लेबलवर ५ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत ते बघ. ०.५ च्या वर असेल तर २ अँपिअरचा चांगला मोबाईल चार्जर वापर.
- बिनअडॅप्टरचा हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा) लावून करंट वाढत नाही, त्याच ५०० मध्ये सगळे वाटेकरी.
- आर्डुइनोवर (प्रोग्रॅम टाकून चालवायचा छोटा बोर्ड) सर्वो मोटर चालवणार असशील तर मोटरला वेगळी पॉवर दे, ग्राउंड (मायनसची वायर) मात्र दोन्हीकडचा जोड. सगळ्यात जास्त पोरं इथेच चुकतात, मोटर अडकली की जास्त करंट ओढते, बोर्ड रिसेट होतो आणि ही रात्रभर कोडमध्ये चूक शोधत बसतात.

टाईप-सी, पीडी (पॉवर डिलिव्हरी) वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नकोस. एक छोटा यूएसबी मीटर घे, चार्जर आणि आयर्नच्या मध्ये लाव, आकडा समोर दिसला की पटकन कळतं. जमेल तुला, अडलं तर आकड्याचा फोटो पाठव.