अंगठ्यानं दाबून सीट कळत नाही

प्रश्न : मिस्त्री, नमस्कार. माझं वय 46, उंची पाच फूट सहा इंच, वजन 84 किलो. गाडी रॉयल एनफील्डची हिमालयन 411 मोटरसायकल, सन 2018 ची, 52 हजार किलोमीटर झालेली. रविवारी आम्ही चार-पाच जण आंबोली, मालवण, गोवा करतो. पण पाऊण तास झाला की बूड दुखायला लागतं आणि दीड तासानंतर सगळं लक्ष रस्त्यावरून निघून बुडाकडं जातं. डिसेंबरात बदामी-हंपी ठरलंय. एका दुकानात जेलची सीट दाखवली, एक मित्र म्हणतो हवेची गादी घे, दुसरा म्हणतो तयार टूरिंग सीट मागव. मागं मिसेस असते, तीही कुरकुर करते. नेमकं काय घेऊ? — एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : आधी एक सांगा, जेलची सीट हातात आल्यावर तुम्ही काय केलंत? अंगठ्यानं दाबून बघितली असणार. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं कुशनचं दुकान आहे आणि चौतीस वर्षं मी हेच बघतोय. गिऱ्हाईक येतं, अंगठा रुतवतं, "लई मऊ हाय, हीच द्या" म्हणतं. अंगठ्यामागं 84 किलो नसतात आणि अंगठा दीड तास तिथं बसूनही राहत नाही.

तरुणपणी मी स्वतःच हा उद्योग करून बसलो होतो. माझ्या गाडीला बाजारातला सगळ्यात मऊ फोम चार इंच जाड घातला. दोस्तमंडळी बसून बघत होती, "सोफा केलास की रं" म्हणत होती. गोव्याला निघालो. निपाणीपर्यंत मी राजा होतो. उत्तूर यायच्या आत बूड पत्र्याला टेकल्यागत वाटायला लागलं. आजऱ्यात टपरीवाल्यानं बाकडं पुढं सरकवलं तर नको म्हणालो आणि उभ्यानंच चहा घेतला. आंबोलीचा घाट तर निम्म्याहून जास्त फूटरेस्टवर उभं राहून उतरलो. दोष सर्वस्वी माझा.

झालं काय होतं? आपण बसतो ते मांसावर बसतो असं वाटतं, पण वजन येतं ते कमरेच्या हाडाच्या खालच्या दोन टोकांवर. बैठकीची हाडं म्हणा. मऊ फोम या दोन टोकांखाली दबत दबत तळाला जातो. एकदा तळ गाठला की वर चार इंच असो नाहीतर दहा, खाली तुम्हाला सीटचा बेसच लागतो. शिवाय बूड खड्ड्यात गेल्यामुळं जागच्या जागी सरकता येत नाही, आणि लांबच्या प्रवासात तेवढं एक सरकणंच आपल्याला वाचवत असतं.

म्हणून नवीन काही घ्यायच्या आधी तुमची जुनी सीट उलटी करून उघडा. कडेनं स्टेपलच्या पिना असतात. चपट्या स्क्रू-ड्रायव्हरनं एकेक उचलायच्या, रेक्झिन मागं दुमडायचं. 52 हजार किलोमीटरचा फोम म्हणजे त्यावर तुमचं चित्र काढलेलं असणार : दोन वाट्या, मधे थोडा उंचवटा, फोमचा रंग पिवळट. वाटीत स्टीलची पट्टी उभी धरा, मग कडेला जिथं कुणी बसत नाही तिथं धरा. दोन्ही आकड्यांत अर्ध्या इंचाहून जास्त फरक निघाला, तर तुमच्या दुखण्याचं निम्मं कारण त्या वाटीत आहे. सीट वाईट नव्हती, तिचं वय झालं.

उरलेलं निम्मं शोधायला दुखतं कुठं ते बघा. नुसतं "बूड दुखतं" म्हणून भागत नाही. बरोबर दोन ठिकाणी टोचतं, तर फोम बसलाय. माकडहाडाशी दुखतं, तर तुम्ही कमरेत वाकून बसता किंवा सीटचा मागचा चढ तिथं येऊन भिडतो. मांड्यांना आतून मुंग्या येतात, तर सीटची कड धारदार किंवा पुढचा भाग फार रुंद. आणि पुढच्या नाजूक भागात बधिरपणा येत असेल, तर सीटला टाकीकडं उतार आहे. दर ब्रेकला तुम्ही पुढं घसरता आणि परत मागं सरकता. हा उतार कुठलंही जेल किंवा हवा दुरुस्त करत नाही, तो कापूनच काढावा लागतो. गाडीवरून उतरल्यावरही बधिरपणा राहत असेल किंवा कळ पायात उतरत असेल, तर माझ्याकडं नको, डॉक्टरांकडं जा.

माप घ्यायची एक घरगुती युक्ती आहे. खोक्याचा नालीदार पुठ्ठा जिन्याच्या पायरीवर ठेवा, पातळ पँट घालून त्यावर बसा, गुडघे थोडे वर घ्या आणि मिनिटभर हलू नका. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे दिसतील. एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा. बहुतेकांचं माप दहा ते चौदा सेंटिमीटरच्या आसपास येतं, बायकांचं सरासरीनं थोडं जास्त. सीटचा सपाट भाग या दोन खळग्यांच्या बाहेर दोन्हीकडं निदान दोन-दोन बोटं उरला पाहिजे. मी हा पुठ्ठा गिऱ्हाइकाकडून मागून घेतो आणि फोमवर ठेवून खूण करतो.

आता तुमचे तीन सल्लागार. जेल दाब थोडा पसरवतं हे खरं, पण ते जड असतं आणि ऊन धरून ठेवतं. एप्रिलमध्ये रंकाळ्यावर तासभर गाडी लावून परत येऊन बसलात की भाकरीचा तवा आठवेल. डिसेंबरच्या बदामीला चालून जाईल, पण सीट काही एका ट्रिपसाठी करत नाही. घालायचंच तर फोममध्ये जागा कोरून, वर पातळ थर देऊन घालायचं. नुसतं वरून चिकटवलेलं जेल मला पटत नाही.

हवेची गादी माझ्या धंद्याच्या मुळावर येणारी, तरी खरं ते सांगतो : चांगली असते. हिचं मूळ व्हीलचेअरच्या गाद्यांत आहे. दिवसभर बसून राहणाऱ्या माणसाच्या कातडीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेचे छोटे छोटे कप्पे एकमेकांना जोडून त्या केल्या, आणि तीच कल्पना मोटरसायकलवर आली. पण लोक ती टायरसारखी टम्म फुगवतात आणि मग फुग्यावर बसल्यागत डुलतात. भरपूर हवा भरा, वर बसा, मग हळूहळू सोडा. हाडाखाली अर्धा इंच हवा उरली की थांबा. तोटे दोन. उंची वाढते, आणि घाटात वळणावर अंग झुकवताना गाडी आणि आपण यांच्यात काहीतरी सैल आहे असं वाटत राहतं. करूळ घाटात मला ते आवडलं नाही. सरळ हायवेला मात्र हरकत नाही.

तयार टूरिंग सीट ही मधल्या मापाच्या माणसासाठी केलेली असते. तुम्ही त्या मापाचे असाल तर पैसे वसूल. मागवण्याआधी एवढं बघा की तुमच्या गाडीच्याच मॉडेलची आहे, पुढचं हूक आणि मागचं लॉक दोन्ही खटकन बसतात, आणि बसवल्यावर सीट डावी-उजवीकडं हलत नाही. परत घेणार का, हे आधी लिहून घ्या.

मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं? कंपनीची सीट तशीच गुंडाळून माळ्यावर ठेवली असती. स्क्रॅपवाल्याकडून त्याच मॉडेलची फाटकी सीट आणली असती, कारण आपल्याला फक्त बेस पाहिजे. खाली रीबॉन्डेड फोम, म्हणजे फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला, रंगीबेरंगी दिसतो तो. त्याची घनता 80 ते 100 असते. त्यावर चांगला 40 घनतेचा फोम, आणि सगळ्यात वर जेमतेम अर्धा इंच मऊ. हा घनतेचा आकडा म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. दुकानदार "40 चा म्हणजे कडक" म्हणाला तर मान डोलवू नका. घनता म्हणजे टिकाऊपणा. कडक-मऊ हे वेगळं, त्याच घनतेत दोन्ही मिळतं.

तुमच्या गाडीची सीट कंपनीच्या मापात जमिनीपासून 800 मिलिमीटर उंच. साडेपाच फुटाच्या माणसाला याहून वर नेऊ नका. जाडी तेवढीच ठेवा, फक्त आतला माल आणि आकार बदला.

आणि मिस्त्रीला सांगा, पहिल्या दिवशी रेक्झिन पूर्ण मारू नको, आठ-दहा पिनांवर धर. तशीच सीट घेऊन कोरड्या दिवशी गगनबावड्याला जाऊन या, जाऊन-येऊन एकशेदहा किलोमीटर. पन्हाळ्याला जाऊन चालणार नाही. वीस किलोमीटरवर तर लाकडाची फळीसुद्धा बरी वाटते. परत येऊन कुठं लागलं ते बोटानं दाखवा, तो तिथं फोम घासेल. माझ्याकडं असं दोनदा तरी होतं, तेव्हा कुठं कव्हर शिवायला घेतो. सुरुवातीला सीट कडक वाटेल. आपली चप्पल नाही का, आठ दिवस चावते, करकरते, मग पायाची होते.

राहिलं वहिनींचं. त्यांच्या बोलण्याला तुम्ही कुरकुर म्हणता. मला विचाराल तर दोघांत नीट तपासणी त्याच करतायत, कारण त्यांच्या हातात तुमच्यासारखं गाडीचं हँडल नाही. मागची सीट सपाट आहे का बघा. पुढं उतार असला की ब्रेकला त्या तुमच्या पाठीवर येतात, मग तुम्ही टाकीवर जाता, आणि मग दोघांचं दुखतं. दोघं जाताना मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, तोही वाढवून घ्या. सीटवर हजारो रुपये घालतात आणि हे फुकटचं काम विसरतात.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, उंची पाच फूट एक इंच. मीटिअर 350 चालवते. माकडहाड दुखायचं म्हणून गावातल्या एका कारागिराकडून सीटला इंचभर फोम वाढवून घेतला. आता दुखणं तसंच आहे आणि सिग्नलला फक्त चवडे टेकतात. सगळा फोम काढून टाकू का? — एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : ताई, मागचा काढू नका, पुढचा काढा. तुमच्या गाडीची सीट मुळात जमिनीपासून 765 मिलिमीटरवर, ठेंगणी. पाय खाली न पोचण्यात उंचीचा हात थोडा आणि रुंदीचा जास्त असतो : मांडी आधी बाहेर फाकते, मग खाली जाते. टाकीला लागून असलेल्या भागाच्या दोन्ही कडा तिरप्या तासून घ्या, वरची जाडी जवळजवळ तशीच राहील. पाय सरळ खाली पडतात आणि टाच टेकायला लागते.

तुमच्यासारख्या क्रूझर गाडीवर पाय पुढं असतात, त्यामुळं उठून दाब सोडवता येत नाही आणि कंबर मागं गोल होते. वजन हाडांवरून माकडहाडावर जातं. इंचभर काय, दोन इंच वाढवले असते तरी हेच झालं असतं. बरोबर माकडहाडाखाली तीन बोटं रुंद पन्हळ कोरायला सांगा, मागच्या कडेपर्यंत उघडी. आणि कंबरेला टेकेल असा छोटा आधार. पाठीला नव्हे, कंबरेला.

कारागिराशी भांडू नका. तुम्ही "वाढवून द्या" म्हणालात, त्यानं वाढवून दिलं.

प्रश्न : नवीन सीटवर पावसात बसलो की दोन दिवस पँट ओली. कव्हर तर वॉटरप्रूफ आहे म्हणाले. — एक वाचक, गगनबावडा

उत्तर : रेक्झिन वॉटरप्रूफच असतं हो, पण त्याला सुईनं भोकं पाडली ती? प्रत्येक टाका म्हणजे एक भोक. पाणी आत जातं, फोम स्पंजासारखं पितो, आणि तुम्ही बसलात की तुम्हाला परत देतो. नक्षीचे टाके जेवढे जास्त तेवढी गळती जास्त. तुमच्या गावच्या पावसात चौकड्यांची शिलाई ही हौस परवडणारी नाही. बसायच्या जागी एकही शिवण नको. कव्हर काढून फोमवर जाड प्लास्टिकचा एक अखंड कागद घालून घ्या, कडेनं खाली दुमडून. बेसला सगळ्यात खोल जागी पाण्यासाठी भोक आहे का बघा, नसेल तर पाडा.

आता भिजलेली आहे ती कव्हर सोडवून, फोम उभा करून सावलीत वाऱ्यावर वाळवा. आणि घरात मांजर असेल तर नव्या रेक्झिनपासून लांब ठेवा. माझ्याकडं दुरुस्तीला येणाऱ्या गळक्या सीटा बघितल्या, तर पावसाच्या बरोबरीनं मांजरांचा हात असतो.